बासवाला पाव्हणा

माणसानं नाद करावा, पण शेजाऱ्याला निदान ऐकू तरी यावा असा करावा. आमच्या गड्याचा नाद असा की तो समोर बसून घाम गाळत वाजवायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, ह्याच्या पोटाला खाज सुटलीय.

राहात्याजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर आम्ही दोघं बरीच वर्षं एकत्र होतो. मी हिशेबाला, तो दुधाची फॅट बघायला. सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध, मधला दिवस मोकळा. त्या मोकळ्या दिवसात बाकीची माणसं झोपतात, शेती बघतात, नाहीतर पारावर बसून सरकार पाडतात. हा बास वाजवायचा. बास म्हणजे गिटारीचाच थोरला भाऊ. चारच तारा, त्याही जाडजूड, आणि आवाज खालचा, पोटात घुमणारा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मागं जनरेटरजवळ एक जण उभा असतो आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही, तो बासवाला. पण हा आवाज यायला स्पीकरचा खोका लागतो. तो खोका हा ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा त्याच्या मालकाचा, आणि मालक तो कुलपात ठेवायचा. त्यामुळं लग्नसराई सोडली तर ह्याचा बास वर्षभर मुका.

त्यातून तो बास आखूड. हा स्वतः पाच फुटाला कसाबसा टेकलेला, बोटं बारकी. थोरल्या बासाच्या मानेला ह्याचा हातच पुरायचा नाही. मग नगरला एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्यांच्याकडून हा आखूड मानेचा बास त्यानं उचलला. कुणी विचारलं, "ही गिटार लहान पोरांची हाय का?" की तो भडकायचा.

"आखूडशिंगी बहुदुधी! गाय घेताना तुमाला तशीच पाहिजे, मग बास तसा असला तर काय बिघडलं?"

त्या बासाला एक दुखणं होतं. डोकं जड आणि बूड हलकं. गळ्यात अडकवून हात सोडला की मान धाडकन जमिनीकडं. ह्यानं काय करावं? एका किराणा दुकानदाराकडून जुनं लोखंडी किलोचं माप आणलं आणि बासाच्या बुडाला स्क्रूनं आवळून टाकलं. बास सरळ झाला, पण हा वाकडा झाला. पट्टा खांद्यावर घेऊन गावातून चालला की लोक विचारायचे, "काय रं, पाठीत उसण भरली का?" मी म्हणालो, अरे बाबा, अर्ध्या किलोचं लाव. त्यावर त्यानं आठवडाभर विचार केला आणि मग मी सुचवलेलंच केलं, पण सगळ्यांना सांगताना ते स्वतःच्या डोक्यातून आलं असं सांगितलं. मला असा राग यायचा त्याचा! आणि राग ओसरला की मीच त्याला चहाला हाक मारायचो.

तारांखाली काहीतरी मऊ कोंबलं की आवाज रेंगाळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं भांडी घासायचा स्पंज कोंबून बघितला, वाकळेचा तुकडा कोंबून बघितला, काही पटेना. शेवटी घरातल्या घोंगडीचा कोपरा कापला. ती घोंगडी त्याच्या वारलेल्या वडलांची. आईनं ते बघितलं आणि तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो पार वेशीपर्यंत ऐकू गेला.

"मेल्या, तुझा बाप बसायचा गं बाई तिच्यावर!"

"अगं, आजून बसलेतच की," हा शांतपणे म्हणाला. "आदी घोंगडीवर बसायचे, आता तारंखाली बसलेत."

आई रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. मी तिथंच होतो. मला हसावं की निघावं तेच कळेना.

तारांची तर वेगळीच कथा. आखूड बासाच्या मापाच्या तारा नगरच्या दुकानात मिळायच्या नाहीत. लांब तारा आणाव्यात तर त्यांचा जाडा भाग खुंटीच्या भोकात जायचा नाही. म्हणून हा जुन्याच तारा पुन्हा पुन्हा वापरायचा. त्या मळल्या की त्यांचा आवाज बसतो, आणि उकळून काढल्या की परत येतो, हे त्याला कुठून तरी कळलेलं. तेव्हा एक दिवस स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात चार तारा. आई देवळातून आली, झाकण काढलं, वाफेत तिला नीट दिसेना. तिला वाटलं, लेकानं शेवया शिजायला घातल्यात. तिनं कौतुकानं त्यात गूळ टाकला. त्या तारा पुढं कितीतरी दिवस बोटांना चिकटायच्या, आणि कार्यक्रमात ह्याच्याभोवती मुंग्या.

बास न्यायला त्याला पिशवी होती, आईनंच जुन्या लुगड्यांची शिवलेली, वाकळेसारखी जाड. ती तो एसटीत मांडीवर आडवी घेऊन बसायचा, आणि खड्डा आला की वरून हात ठेवायचा. एकदा शिर्डीहून दर्शन करून निघालेली एक बाई शेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं मायेनं विचारलं, "किती वर्साचं हाय लेकरू?"

हा म्हणाला, "सात-आठ वर्सं झाली."

"अगंबाई! आन एवढंसंच?"

"आखूडच हाय. आता काय वाढायचं न्हाई."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पुडीतली उदी काढून वाकळेला लावली. ह्यानं तिला अडवलं नाही. मी पुढच्या सीटवर तोंडात रुमाल कोंबून बसलेलो. इतक्यात कंडक्टर आला तर हा म्हणतो, "एक फुल, एक हाफ."

"हाफ कुनाचं?"

"ह्याचं. आखूड हाय."

कंडक्टर म्हणाला, त्याला तिकीटच नको, मांडीवर घेऊन बसा. तर हा चिडला. "तिकीट न्हाई म्हंजी सामान झालं ते. हे सामान न्हाई." गाडी राहुरीला पोचेपर्यंत वाद चालू. शेवटी कंडक्टरनं हात जोडले आणि ती बाई म्हणाली, "द्या हो त्याला तिकीट, बापाचं काळीज हाय."

तर असा हा माणूस, आणि त्याचं लग्न जुळवायचं होतं.

आमच्याकडं आता मुलींचा किती तुटवडा आहे ते सांगायला नको. एकुलता एक, घरची थोडी जमीन, नोकरी म्हणावी तर दूध केंद्रावर, आणि पस्तिशी उलटलेली. त्याच्या आईचं एकच पालुपद. "मी मेल्यावर हा त्या लाकडाशी बोलत बसंल." आणि बघायला जायचं म्हटलं की बरोबर कुणीतरी चार शब्द बोलणारा, लग्न झालेला माणूस लागतो. तो मान माझ्याकडं आला.

पहिल्याच घरी हा वाकळेची पिशवी घेऊन गाडीत बसला तेव्हा मी विचारलं, "हे कशाला?"

"भाऊ, बाजारात गाय इकताना खोड सांगावी लागती का न्हाई? लाथ मारती, पान्हा चोरती, जे आसंल ते. आन हितं तर मानसं हायेत. मागनं कळलं तर फसवनूक व्हती."

म्हणणं खरंच होतं.

मग ठरलेलंच. पोहे यायचे, मुलगी यायची, आणि मुलीचा बाप पिशवीकडं बोट करून म्हणायचा, "वाजवा की." हा पिशवी उघडायचा, पट्टा गळ्यात घालायचा, डोळे मिटायचा. खोका नाही, वीज नाही. नुसतं ढुप, ढुप. कोपरगावकडच्या एका घरी ह्यानं असंच एक अख्खं गाणं वाजवलं, कपाळावरचा घाम पुसला. कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "करा आता सुरू."

हा म्हणाला, "झालं."

दुसऱ्या एका घरी मुलीच्या आईनं विचारलं, "कोन्तं गानं हुतं?" तर ह्यानं तिला समजावलं की ह्याच्यावर गाणं वाजत नाही, गाण्याच्या खालचं वाजतं. ती माउली घाबरून आत गेली ती बाहेरच आली नाही. सगळीकडून एकच निरोप यायचा, नंतर कळवतो. पुढं पुढं तर आम्ही गावात शिरलो की पोरं ओरडायची, "बासवाला पाव्हणा आला रं!"

हे सगळं हसण्यावारी नेत होतो मी. पण एक दिवस दुपारी तो फॅटच्या नळ्या धूत होता, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाऊ, मला बायको पाहिजे. लई एकटं वाटतंय आताशा. पन तिच्यापास्नं हे लपवून ठेवायचं म्हनलं, तर मग मी माझ्याच घरात चोरासारखा ऱ्हानार." मला एकदम भरून आलं. मी त्याला म्हणालो, नळ्या नीट धू, कालच्या दुधाला वास येत होता.

त्याच महिन्यात आमच्या हिनं तिच्या माहेराकडचं एक स्थळ काढलं, सोनईचं. मुलगी शिकलेली, कृषी सेवा केंद्रात कामाला, आणि नाकारण्यात पटाईत. चांगली चांगली पोरं तिनं पोह्यांच्या बशीसकट परत पाठवलेली. हिनं बायोडाटा स्वतःच्या ताब्यात घेतला. त्यात ह्या शहाण्यानं 'छंद' खोडून तिथं 'खोड' लिहिलं होतं आणि पुढं 'बास वाजवतो'. ती ओळ हिनं उडवली. फोटोतला बास मोबाईलवर कापून टाकला. आणि मला बजावलं, "ह्या टायमाला ते लाकूड गेलं तर माहेरी माझं नाक कापलं जाईल. मी तर येतच नाही, तुम्हीच जा."

आईनं त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. बास न्यायचा नाही. बासाचं नाव काढायचं नाही. त्यानं शब्द दिला.

माझ्या जुन्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. तो, त्याची आई आणि मी. तो पुढं बसलेला, इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. मांडीवर पिशवी नव्हती. खड्डा आला की त्याचे दोन्ही हात नुसतेच पुढं व्हायचे आणि परत मागं यायचे. मला ते बघवेना, मी रेडिओ लावला.

सोनईतलं घर नीटनेटकं. मुलीचे वडील शांत, मोजकं बोलणारे. बोलायचं सगळं काम मुलीच्या मामांकडं, आणि मामा ते मनापासून करत होते. शेती किती, पाण्याची सोय काय, भाऊबंदकीत वाद आहे का. हा मान खाली घालून उत्तरं देत होता. मुलगी येऊन बसली. निळी साडी, सरळ नजर. पोहे झाले. सगळं इतकं सुरळीत चाललेलं की मला धास्ती वाटायला लागली.

वडील मुलीला म्हणाले, "तुला काय इचारायचं असंल तर इचार."

मुलीनं मोबाईल काढला, ह्याचा फोटो उघडला आणि समोर धरला. "तुमच्या खांद्यावर हा पट्टा कशाचाय?"

घात! आमच्या हिनं बास कापला होता, पण खांद्यावरचा पट्टा तसाच राहिला होता.

"गाडीचा आसंल, सीटचा," मामा म्हणाले.

"पिशवीचा हाय तो," त्याची आई घाईनं म्हणाली. "दुधाचं सँपल न्यायची पिशवी आसती ना, तिचा."

हा लालबुंद झाला. आईकडं वळला आणि म्हणाला, "आई, मी शब्द दिलाय, म्हनून मी बासाचं नाव काढनार न्हाई. पन तू तरी खोटं बोलू नको."

झालं! मी डोळेच मिटून घेतले.

"कशाचं नाव?" मामांनी कान पुढं केला.

मग काय, शब्द मोडलेलाच होता. त्यानं सगळं सांगितलं. बास, आखूड मान, बुडाला अर्ध्या किलोचं माप, घोंगडीचा तुकडा, गुळाच्या तारा. आई पदरात तोंड घालून बसली. मुलगी ऐकत होती, मधे हसली नाही.

"मग आणला का न्हाई?" तिनं विचारलं.

"आईला शब्द दिला हुता."

"आत्तापर्यंत किती जन बघून गेले," ती वडलांकडं बघून बोलली, पण ऐकवत ह्याला होती. "समद्यांनी आपलं चांगलं चांगलं सांगितलं. दारू न्हाई, तंबाकू न्हाई, नाद न्हाई. मानसाला एकबी नाद न्हाई आसं कुठं आसतंय का? आता हे म्हनतात नाद हाय. तो बघितल्याबिगर मी हो म्हननार न्हाई, आन न्हाईबी म्हननार न्हाई."

"अगं, राहात्याला हाय तो!" मामा ओरडले.

पण हा उभा राहिला होता. "आनतो," म्हणाला. गाडी मला सोडून कुणाला चालवता येत नव्हती, आणि आईला तिथं एकटी सोडून मी निघणं बरं दिसलं नसतं. त्यानं दारात किल्लीसकट उभी असलेली मोटारसायकल बघितली, मुलीच्या वडलांना विचारलं, "घिऊ का?" आणि त्यांनी हो म्हणायच्या आत किक मारली.

मामा रस्त्यापर्यंत पळत गेले आणि हात हलवत परत आले. "पाव्हणा गाडी घिऊन पळाला तर?"

मी म्हणालो, "आई ठेवून गेलाय की."

राहाता काय शेजारी आहे? त्यात तो मनमाड रस्ता, आणि दिवस उसाच्या गळिताचे, रस्ताभर ट्रॉल्या. जाऊन यायला दुपार जाणार हे उघड होतं. आता आमच्याकडची रीत अशी की, सोयरीक जुळल्याशिवाय मुलीच्या घरी जेवत नाहीत. ते आग्रह करतात, आपण नको म्हणतो. दोन्ही बाजूंना भूक लागलेली, आणि आमच्यामुळं त्यांनाही जेवता येईना. मग आतून परत पोहे आले. तासाभरानं पुन्हा पोहे, ह्या खेपेला शेंगदाणे जास्त. त्यानंतर मात्र पोह्यांचं नाव काढलं तरी मला उचकी लागायला लागली. मुलीचे वडील मला गोठ्यात घेऊन गेले, गाय दाखवली. मी फॅटबद्दल बोललो, त्यांनी पेंडीबद्दल सांगितलं. मोटारसायकलीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, पण दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघत होते. घरून आमच्या हिचा फोन येत होता, मी उचलत नव्हतो.

त्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, गेलं हे बी स्थळ. आता कोन देनार ह्याला पोरगी? गाव म्हननार, बघायला गेला आन गाडी घिऊन पळाला." मी तिला धीर दिला, पण खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं.

उन्हं कलताना मोटारसायकल आली. आणि हा! डोक्यापासून पायापर्यंत धूळ, केसांत उसाचं पाचट, शर्टाची बाही फाटलेली. घाईत पिशवीच विसरला होता. बास तसाच पाठीला उभा बांधलेला. राहुरीच्या पुढं उसाच्या एका ट्रॉलीला घासून गेला होता, बासाच्या डोक्यावरची एक खुंटी वाकडी झालेली, सगळ्यात जाड तार लोंबत होती.

त्यानं आधी मुलीच्या वडलांच्या हातात किल्ली दिली. "पेट्रोल टाकलंय," म्हणाला. मग चटईवर बसला. लोंबणारी तार खुंटीतून सोडवून काढून टाकली आणि उरलेल्या तीन तारांवर वाजवायला लागला.

तेच. ढुप, ढुप. बाहेर गाय हंबरली, तिचा आवाज मोठा.

मामांनी थोडा वेळ वाट बघितली. मग पोट धरून हसायला लागले. "आन आवाज कुठाय, पाव्हनं? आवाज राहात्यालाच ऱ्हायला का? परत जाता का आनायला?"

हा वाजवायचा थांबला. बाकीच्या घरी असं झालं की तो खोक्याबद्दल, विजेबद्दल समजावून सांगायचा. आज खूप दमला होता. तो पट्टा खांद्यावरून काढायला लागला, आणि त्याच्या आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"थांबा," मुलगी म्हणाली.

ती उठली. बघायच्या कार्यक्रमात मुलगी आपली जागा सोडून मुलाकडं जाते, हे मी जन्मात बघितलं नव्हतं. ती चटई ओलांडून ह्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, पदर सावरला, आणि बासाच्या लाकडाला कान लावला. तिच्या आईनं आतून "अगं!" म्हटलं. तिनं हातानंच गप्प राहायची खूण केली. "वाजवा," म्हणाली.

ह्याची बोटं आधी हलेनात. मग हलली. तो वाजवत राहिला, ती ऐकत राहिली, डोळे मिटून. तिच्या कपाळाला त्याच्या बाहीवरची धूळ लागली होती. मामांना काही ते सहन होईना. "पोरी, काय ऐकू येतंय का तुला?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं, मोठ्यानं.

तिनं डोळे उघडले, पण कान काढला नाही.

"पुन्हा पहिल्यापास्नं वाजवा," ती त्याला म्हणाली. "मदी मामा बोलले."

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नाही.